सोळातून दहा: ग्रीन कार्डवाल्याची इटालियन शॉटगन

बंदुकीच्या दुकानातला फॉर्म ४४७३ भरताना नागरिकत्वाच्या रकान्यात 'इंडिया' लिहिलं, की काउंटरवरच्या माणसाचा चेहरा किंचित बदलतो. टेक्ससमध्ये वाईट वागणूक मिळते असं नाही. उलट फारच अदबीने तो विचारतो, "ग्रीन कार्ड बरोबर आहे ना, सर?" कार्डावरचा एलियन नंबर फॉर्मवर उतरवायचा, मग तो गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या 'निक्स' यंत्रणेकडे चौकशी पाठवतो. उत्तरं तीन: प्रोसीड, डिनाइड, डिलेड. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाला, बूट-हॅटवाल्या काकांना, सिगरेट पेटवायला लागावा तेवढ्या वेळात 'प्रोसीड' आलं. मला 'डिलेड'. इमिग्रेशनकडून वेगळी पडताळणी व्हायची असते, त्यामुळे आपल्यासारख्यांच्या बाबतीत हे नेहमीचंच. आठवडा संपायच्या आत होकार आला आणि बेनेली एम४ ही इटालियन शॉटगन ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीतल्या आमच्या घरी आली.

घरात आधी अर्थातच महाभारत झालं. बायकोची अट एकच होती: तिजोरी आधी, बंदूक नंतर. ती बरोबरच होती. टेक्ससमध्ये निष्काळजीपणाने ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा धरतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या आजोबांचीच हौस तुझ्यात उतरली." आजोबांकडे संगमेश्वराकडच्या गावी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक बारा बोअरची बंदूक होती, डुकरं आणि माकडांसाठी. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची. आजोबांच्या आयुष्यात त्या बंदुकीने जितके बार काढले त्यापेक्षा ठाण्याच्या फेऱ्या जास्त केल्या असतील. त्यामुळे बंदूक आणि कागद हे एकत्रच असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. इथले कागद कुठल्या प्रकारचे असतात, ते मात्र नव्याने शिकावं लागलं.

बंदूक कशाला, तर थ्री-गनसाठी. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तीन शस्त्रं घेऊन, घड्याळ लावून, पोलादी पत्रे पाडत पळायचं, असा हा खेळ. त्यात शॉटगनचा भाग सगळ्यात मजेदार आणि सगळ्यात वैतागाचा, कारण काडतुसं संपतात आणि पळता पळता कमरेच्या पट्ट्यातून दोन-दोन, चार-चार उपसून बॅरलखालच्या, काडतुसं साठवायच्या नळीत कोंबावी लागतात. ज्याच्या नळीत जास्त मावतात तो कमी वेळा थांबतो. दुकानातून आलेल्या एम४ च्या नळीत पाच मावतात. त्याच बंदुकीचं लष्करी भावंड, एम१०१४ नावाचं, अमेरिकेच्या मरीन कोअरने १९९९च्या सुमारास घेतलं. त्याची नळी याहून मोठी. बाजारात सात काडतुसांची नळी सुटी मिळते, तिच्यावर कसलाही परवाना लागत नाही, पोस्टाने घरी येते. मला वाटलं, झालं.

क्लबातल्या एका म्हाताऱ्या माजी मरीनला मी सहज म्हटलं, नवी नळी मागवतोय. तो हसत म्हणाला, "आधी नाइन ट्वेंटी-टू आर मोज. नाहीतर मोजू नकोस. इथे कुणी मोजत नाही."

या वाक्याच्या दुसऱ्या भागाने मला खरं तर जास्त घाबरवलं.

हे ९२२(आर) प्रकरण काय आहे, ते सांगायला थोडं मागे जावं लागतं. केनेडींना १९६३ मध्ये ज्या रायफलीने मारलं ती टपालाने मागवलेली, इटलीची जुनी लष्करी रायफल होती. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षी गन कंट्रोल ॲक्ट आला. त्यात एक तरतूद अशी, की परदेशातून येणारी बंदूक 'स्पोर्टिंग' उपयोगाची, म्हणजे शिकार-नेमबाजीला साजेशी असली पाहिजे. परदेशातला स्वस्त माल थांबला तर इथल्या कारखानदारांना वाईट वाटणार नव्हतंच. पुढे जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला एका शाळेच्या मैदानावर गोळीबार झाला, मुलं गेली, आणि थोरल्या बुश यांच्या सरकारने त्याच वर्षी अनेक परदेशी अर्धस्वयंचलित रायफलींची आयात बंद केली. मग लोकांनी अख्खी बंदूक न आणता सुटे भाग आणून इथे जोडायला सुरुवात करू नये, म्हणून १९९० मध्ये हे कलम घातलं गेलं: जी रायफल किंवा शॉटगन आयात करता येत नाही, तशीच बंदूक आयात भागांतून इथे जोडायची नाही.

'तशीच' म्हणजे किती तशी? त्यासाठी नियमावलीत, कलम ४७८.३९ मध्ये, वीस भागांची एक यादी आहे. रिसीव्हर, बॅरल, बोल्ट, गॅस पिस्टन, चाप, घोडा, दस्ता, पिस्तुली मूठ, पुढची लाकडी किंवा प्लास्टिकची पकड, काडतुसांची नळी, तिच्यातला काडतुसं ढकलणारा फॉलोअर वगैरे. यांपैकी परदेशी भाग दहापर्यंत चालतात. अकरावा परदेशी असला की गुन्हा. म्हणजे बंदूक तीच, सात काडतुसं तीच, पण त्यातला घोडा इटलीत घडला की अमेरिकेत, यावर तुम्ही सज्जन की गुन्हेगार हे ठरणार.

आणि आयात होऊ न शकणारी शॉटगन कोणती? शस्त्रांचे नियम सांभाळणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याने २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, २०१२ मध्ये त्याला अंतिम रूप आलं. घडीचा दस्ता, संगीन अडकवायचा खुंटा, ड्रम मॅगझिन, असं बरंच काही त्यात 'नॉन-स्पोर्टिंग' ठरलं. त्यातलंच एक: पाचाहून जास्त काडतुसं. म्हणून बेनेली पाचाच्या नळीसह अमेरिकेत उतरते. त्या अभ्यासात खेळ म्हणून शिकार धरली आहे, ट्रॅप, स्कीट, क्ले या उडत्या तबकड्या फोडायच्या आणि त्यांच्यासारख्या रुळलेल्या स्पर्धा धरल्या आहेत. दर महिन्याला घाम गाळून मी जे करतो ते त्या यादीत नाही. सरकारच्या लेखी मी खेळत नव्हतो, नुसताच पळत होतो.

गंमत बघा, दुकानात त्याच फळीवर मॉसबर्गची अर्धस्वयंचलित शॉटगन होती, लांब नळीची. ती टेक्ससमध्येच, ईगल पास गावच्या कारखान्यात बनते. तिला हे कलम लागूच नाही. हवी तेवढी लांब नळी लावा. सहकाऱ्याने विचारलंच, "मग तीच का नाही घेतलीस?" याला माझ्याकडे तर्कशुद्ध उत्तर नाही. बेनेली हातात घेऊन खांद्याला लावली आणि आवडली. लग्नंही अशीच ठरतात.

आता क्लबातल्या मंडळींचा युक्तिवाद. एकट्या या कलमाखाली कुणावर खटला झाल्याचं त्यांच्यापैकी एकानेही ऐकलेलं नव्हतं. कुठला पोलीस बंदूक खोलून फॉलोअर इटालियन आहे का बघणार आहे? शिवाय कलमात शब्द 'असेंबल' आहे, जवळ बाळगण्याबद्दल त्यात काही नाही, तेव्हा जोडली कुणी हे सिद्ध कोण करणार? हे सगळं खरं आहे. पण ते सगळे इथे जन्मलेले. त्यांच्या बाबतीत वाईटात वाईट म्हणजे दंड, वकील आणि कायद्याने जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंतची कैद. माझ्या बाबतीत यादी तिथे संपत नाही. इमिग्रेशन कायद्यात एक स्वतंत्र कलम आहे: शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. त्यासाठी कुणाला इजा झालेली असण्याची गरज नाही. घराचं कर्ज, मुलीची शाळा, रांगेत काढलेली इतकी वर्षं, हे सगळं एका इटालियन स्प्रिंगवर टांगायचं?

इमिग्रेशनच्या वकिलीणबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा वर सरकवत सांगितलं, "असं प्रकरण माझ्याकडे कधी आलेलं नाही. तुम्ही पहिले होऊ नका." सल्ला महाग होता, पण ऐकण्यासारखा होता.

जाता जाता, एच-१बी वर असलेल्या आपल्या मुलांसाठी. तुम्हाला तर बंदूक हातात घेणंच मुळात मना आहे. विकत घेणं तर सोडाच, रेंजवर भाड्याने घेऊन झाडणं हेही कायद्याच्या भाषेत 'पझेशन' होतं. सुटका देणारे काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. टेक्ससमध्ये त्या परवान्यावर प्रत्यक्ष शिकार करायची तर २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, ऑनलाइन होतो, अवघड नाही. परवाना न काढता ऑफिसातल्या गोऱ्या मित्राबरोबर रेंजवर जायचं आणि वर फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय, की आता बघवत नाही.

तर मोजणी. एका शनिवारी डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि यादी समोर ठेवून खोलायला बसलो. मुलीने वही घेतली. मी नाव सांगायचो, ती खूण करायची.

काही भाग सरळ होते. रिसीव्हर, बॅरल, बॅरल एक्स्टेन्शन, बोल्ट, बोल्ट कॅरियर. गॅस पिस्टन या बंदुकीत दोन असतात, पण यादीत ओळ एकच. चापाचं घर, चाप, घोडा, डिस्कनेक्टर. दस्ता, पुढची पकड, नळी, फॉलोअर. चौदा झाले. मग वादाच्या जागा. दस्ता आणि पिस्तुली मूठ माझ्या बंदुकीत एकाच साच्यातून आलेली आहे. एक मोजायची की दोन? बॅरलच्या तोंडात आट्यांनी बसणारा, छर्ऱ्यांचा फैलाव आवळणारा चोक हे यादीतलं 'मझल अटॅचमेंट', म्हणजे तोंडावरची जोडणी, आहे का? क्लबात यावर दोन तट होते आणि दोन्ही बाजू ठाम. मी माझ्यापुरता नियम केला: शंका आली की परदेशी धरायचं. अशा हिशेबाने सोळा. दहावर यायचं तर सहा बदलायला हवेत.

नळी आणि फॉलोअर तर बदलणारच होतो, दोन्ही अमेरिकन घ्यायचे. पुढची पकड अमेरिकन मिळाली. दस्त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या मेसा टॅक्टिकल कंपनीचा, मुठीसकट. त्याचं नाव त्यांनी ठेवलंय 'उर्बिनो'. बेनेलीचा कारखाना इटलीत ज्या गावात आहे ते उर्बिनो! इटालियनपणा काढून टाकायला घेतलेल्या अमेरिकन दस्त्याला इटालियन गावाचं नाव. मी पार्सल उघडून बराच वेळ हसत होतो.

हे पाच झाले. सोळातून पाच गेले, अकरा.

एकाने अडलं. इथे मोह फार होतो. चोक धरला नाही की झाले दहा, विषय संपला. क्लबातल्या निम्म्या लोकांनी तेच केलं असतं आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मी नियम केला होता, तो पहिल्याच अडचणीत मोडला तर नियम कसला? अमेरिकन बनावटीचा घोडा आणि चाप मागवला. दोन्ही, म्हणजे परदेशी भाग नऊवर येतील आणि कुणी आणखी एखादा भाग उकरून काढला तरी दहाच्या वर जाणार नाही.

घोडा आणि चाप मात्र मी स्वतः बसवले नाहीत. दस्ता बदलणं वेगळं, आणि ज्या दोन पृष्ठभागांच्या घर्षणावर बार उडायचा की नाही हे ठरतं, त्यांना हात लावणं वेगळं. अशा कामाला गनस्मिथकडेच जावं. त्याने ते बसवून, सेफ्टी लावून-काढून, दस्ता जमिनीवर आपटून, चाप दाबून धरून पुन्हा पुन्हा तपासलं आणि पावतीवर दोन्ही भागांची नावं, 'मेड इन यूएसए' असा उल्लेख आणि तारीख लिहून दिली. ती पावती मी मागून घेतली. त्याला आश्चर्य वाटलं. कोकणातल्या माणसाच्या नातवाकडून कागदाशिवाय व्यवहार होणार नाही, हे त्याला कुठे माहीत असणार.

क्रमही महत्त्वाचा. आधी चाप-घोडा, मग दस्ता, मग पुढची पकड आणि अगदी शेवटी नळी. कारण पाचाची नळी आहे तोवर बंदूक आयात झाली तशीच आहे, तिला हे कलम चिकटत नाही. लांब नळी ज्या क्षणी बसते त्या क्षणी बाकीचा हिशेब पुरा झालेला असला पाहिजे. आधी नळी लावून 'बाकीचं पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारे मी पाहिलेत.

नळीने मात्र घाम काढला. कारखान्यात ती रिसीव्हरमध्ये लाल लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवणारा गोंद, लावून घट्ट बसवलेली असते. नुसत्या ताकदीने ती फिरत नाही, आणि पक्कडीने धरली तर ओरखडे पडतात किंवा ती चेमटते. हीट गनने आट्यांच्या भागाला ऊब द्यायची, पट्ट्याचा पाना लावायचा, हलकेच दाब द्यायचा, पुन्हा ऊब. बराच वेळ काहीच होत नाही. गॅरेजमध्ये जुलैचं ह्यूस्टन आणि वर हीट गन, बायको दारात येऊन "हे खेळ आहे का शिक्षा?" विचारून गेली. मग अचानक 'टक्' असा आवाज आला आणि नळी सुटली. आट्यांतला वाळलेला लॉकटाइट तारेच्या ब्रशने काढला, नवी नळी बसवली, स्प्रिंग, अमेरिकन फॉलोअर, टोपण. डमी काडतुसं घालून बाहेर काढून पाहिली, सात आत, सात बाहेर.

सगळ्या पावत्या, भागांचे फोटो, कोणता भाग कुठला याचा एक तक्ता आणि गनस्मिथची चिठ्ठी असं एका फाईलमध्ये लावलं. फाईल तिजोरीत, बंदुकीशेजारी. तो म्हातारा मरीन घरी जेवायला आला होता तेव्हा त्याला दाखवली. साबुदाण्याची खिचडी खाता खाता त्याने पानं उलटली आणि म्हणाला, "माझ्या घटस्फोटाची फाईलसुद्धा इतकी नीट नाही."

न्यू जर्सीत एडिसनला राहणारा धाकटा भाऊ म्हणाला, दिवाळीला गाडीनेच ये आणि बंदूक घेऊन ये, बघू तरी. त्याला समजावलं, की केंद्राचा हिशेब जुळला म्हणजे राज्याचा जुळला असं नाही. त्यांच्या राज्यात सहाहून जास्त काडतुसांची नळी किंवा पिस्तुली मूठ असलेली अर्धस्वयंचलित शॉटगन म्हणजे थेट 'असॉल्ट फायरआर्म'. माझ्याकडे दोन्ही आहे. तिथे माझ्या नीटनेटक्या फाईलला रद्दीची किंमत. त्याला फोटो पाठवले.

मूळचे इटालियन भाग मी विकले नाहीत. एका डब्यात, प्रत्येकावर चिठ्ठी लावून ठेवलेत. सगळे परत लावले, पाचाच्या नळीसकट, तर बंदूक पुन्हा आयात झाली तशी. पण अर्धेमुर्धे लावायचे नाहीत. उर्बिनो दस्ता खांद्याला टोचतो म्हणून मी एकदा जुना दस्ता काढायला निघालो होतो. आधी तक्ता पाहिला. दस्ता आणि मूठ इटालियन झाली की नऊचे अकरा. मग दस्त्यामागे जाडसर रबरी पॅड लावला आणि डबा बंद केला.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला आमच्याकडे होल्यांचा हंगाम उघडतो. त्या मरीनने बरोबर चल म्हटलं. स्थलांतरित पक्ष्यांसाठी केंद्राचा नियम असा, की शॉटगनमध्ये एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत आणि बंदूक खोलल्याशिवाय निघणार नाही अशी एकसंध दांडी नळीत घातलेली हवी. म्हणजे आयात पाचाची, स्पर्धा साताची, होले तिनाचे. आदल्या रात्री टोपण काढून दांडी बसवली आणि तिची पावतीही फाईलला लावली.